शेजारच्या सूनबाईस, राउटरच्या निमित्ताने

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

भिंतीला भिंत लागून घर असून पत्र लिहिते आहे. समोर बोलायला गेलं की तू "काकू, त्यात काय एवढं!" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. मला तो संपवायचा नाही.

संध्याकाळची माझी गाण्याची शिकवणी आता फोनवरच चालते. दोन मुली पुण्याच्या, एक न्यू जर्सीची. दोन महिने आलाप मध्येच तुटत होता, सम गाठेपर्यंत पलीकडचा आवाज गायब. दोष आमच्या जुन्या दगडी भिंतींचा, असंच मी धरून चालले होते. तू आलीस, फोनवर राउटरचं आतलं पान (192.168.1.1) उघडलंस आणि जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवलीस. यादीत चौदा नावं, त्यातली आमची चार.

जोडणी करून देणारा माणूस माझाच मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवून गेला होता. तोच नंबर क्लासच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे, येणारा-जाणारा रोज वाचतो. राउटरच्या आतल्या पानाचं नाव आणि पासवर्ड, दोन्ही 'अॅडमिन'. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही, कारण माझे बँकेचे व्यवहारही याच वायफायवर होतात.

तू पाच मिनिटांत सगळं करून जाऊ शकली असतीस. पण फोन माझ्या हातात दिलास आणि शेजारी बसलीस. शिष्याला स्वतः गायला लावल्याशिवाय सूर बसत नाही, हे मी चाळीस वर्षं सांगत आले. तू तेच माझ्यावर केलंस.

मी पासवर्ड म्हणून रागाचं नाव आणि जन्मसाल सुचवलं. तू नको म्हणालीस, आणि का तेही सांगितलंस: फोन वायफायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती कुणी हवेतून टिपली, तर घरी नेऊन तिच्यावर लाखो अंदाज चालवता येतात, आणि नावं नि सालं सगळ्यात आधी. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले शब्द जोडून लांबलचक पासवर्ड केला. वायफायच्या सुरक्षेची जी नवी पद्धत 2018 साली आली, त्या डब्ल्यूपीए3 मध्ये ही पळवाट बुजवली आहे, पण माझा जुना टॅब्लेट ते ओळखत नाही, म्हणून आधीची डब्ल्यूपीए2 आणि नवी 3 दोन्ही ठेवल्या. त्यामुळेच लांबी महत्त्वाची, हे तू दोनदा बजावलंस.

डब्ल्यूपीएस, म्हणजे लांब पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडायची सोय, तू बंद करायला लावलीस ते मला सर्वांत पटलं. त्याचा पिन आठ आकडी, ऐकायला भक्कम. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्न पुरतात. 2011 पासून हे जगाला माहीत आहे, आणि आमच्याकडे ते अजून चालूच होतं!

नेटवर्कचं नाव लपवायचा माझा हट्ट होता. लपवलं तर माझाच फोन जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत राहील, हे तू सांगितलंस तेव्हा मी तो सोडला. दुपारी घरी येणाऱ्या मुलांसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क झालं. राउटर लोखंडी कपाटावरून काढून चौकाकडच्या कोनाड्यात ठेवला, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत वायफायच्या 5 गीगाहर्ट्झच्या लहरींऐवजी भिंतीतून जास्त पार जाणाऱ्या 2.4 गीगाहर्ट्झच्या वापरायचं ठरलं.

गुरुवारी यमनचा विलंबित ख्याल न तुटता झाला. न्यू जर्सीची मुलगी तिहाईनंतर बरोबर समेवर आली.

फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, नवं आलंय का ते दर महिन्याला बघायला सांगितलं होतंस. एक तारखेला मी त्या पानावर गेले, नवं आलेलं होतं. तुला हाक न मारता बसवलं.

तुझी,
शेजारची काकू
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर