पाऱ्याबरोबर वाराही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांवरून आपल्या पत्रसदरात एका वाचकाने विचारलं आहे : ‘चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, तिथे कुठे वस्त्याच्या वस्त्या जळतात?’ प्रश्न रास्त आहे. मी गेली अठरा वर्षं सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथला राहतो, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

४ जानेवारी २०२० ला आमच्याकडे पारा ४८.९ वर होता. पण गल्लीत त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. जो तो वारा कधी फिरणार ते विचारत होता. उन्हाळ्यात इथे दक्षिणेकडून थंड हवा सरकत येते. ती पोहोचण्याआधी वाळवंटाकडून वायव्येचा वारा सुटतो, भट्टीचं दार उघडावं तसा. आग तोवर लांबट पट्ट्यासारखी आग्नेयेकडे पळत असते. मग वारा अचानक दक्षिणेचा होतो. शहरातली माणसं ‘सुटलं बाई गार वारं’ म्हणत खिडक्या उघडतात आणि तिकडे जंगलात आगीची ती अख्खी लांब कडच तोंड होऊन पुढे निघते. १६ फेब्रुवारी १९८३ ला व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात ७५ माणसं गेली, त्यातली बरीच वारा फिरल्यावर. त्याच्या आठच दिवस आधी मेलबर्नवर धुळीचा डोंगर चालून आला होता. दुष्काळ तोच, आधी माती उडाली, मग रान पेटलं.

धुळीचं म्हणाल तर २३ सप्टेंबर २००९ ची पहाट मी विसरणार नाही. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सगळं गेरूने सारवल्यासारखं. रात्री वाळत घातलेला पांढरा शर्ट पुन्हा कधीच पांढरा झाला नाही.

आता झाडांचं. चंद्रपूरकडे सागाची पानं उन्हाळ्याआधीच गळतात. आग लागली तरी बहुधा पाचोळ्यातून जमिनीलगत सरपटते. इथे निलगिरी. पानात तेल, खोडावर सालीच्या सुटलेल्या चिंध्या. त्या पेटून काही किलोमीटर पुढे जाऊन पडतात. घरं बरेचदा ज्वाळांनी नाही, छपराच्या पन्हळीत साठलेल्या पानांवर पडलेल्या ठिणगीने जातात. २०१९ च्या डिसेंबरात आमच्या अंगणात निलगिरीची अख्खी काळी पानं पडायची, शिरासुद्धा दिसत. बोट लावलं की भुगा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी दुष्काळ. २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं आणि सर्वांत उष्ण वर्ष. सिडनीत पाइपने बागेला पाणी घालायला बंदी होती. झारी घ्या, नाहीतर बादली, तीही सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. लातूरला वाढलेल्या माझ्या बायकोला याचं काहीच वाटलं नाही, हा भाग वेगळा.

याच वर्षाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. २०१९ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग तापला होता आणि इंडोनेशियाजवळचा गार पडला होता. त्यामुळे ऑस्ट्रेलियाकडचा पाऊस आटला, आपल्याकडच्या लांबलेल्या पावसाला मात्र बळ मिळालं (इतर कारणंही होती). २६ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सिडनीच्या वायव्येला गॉस्पर्स माउंटनवर वीज पडली. त्या एका ठिणगीने पुढे पाच लाख हेक्टरांवर रान खाल्लं. आणि त्याच दिवाळीत भावाचा फोन : ‘दादा, सोयाबीनला शेतातच कोंब फुटले रे.’ मी त्याला धुराचं सांगत होतो, तो मला चिखलाचं.

इथे आगीच्या धोक्याचा अंदाज नुसत्या तापमानावर ठरत नाही. वाऱ्याचा वेग, हवेतला ओलावा, रान किती वाळलंय हे सगळं त्यात धरतात. १२ नोव्हेंबर २०१९ ला सिडनी परिसरासाठी पहिल्यांदाच सर्वांत वरची ‘कॅटास्ट्रॉफिक’ पातळी जाहीर झाली. त्या दिवसाच्या बातम्यांत मराठी वाचकाला नुसते अंश सेल्सिअस दिसले, तर चंद्रपूरची आठवण येणारच. तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी बातमीत वारा कुठला आणि पाऊस किती महिने नाही, एवढ्या दोन ओळी जरूर द्याव्यात.

आपला,
एक वाचक, पेनरिथ, सिडनी