रविवारच्या ध्वनिमुद्रण सरावाबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी ९ वाजता लोकेशन साउंडचा, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपण्याचा सराव आहे. स्वतःचा हेडफोन आणि नवे सेल आणा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावूनच या.

मागच्या वेळी पंख्याच्या घरघरीमुळे माझा चांगला टेक वाया गेला, म्हणून कळकळीने सांगते: आधी पंखा, फ्रिज बंद. संवाद संपल्यावर ३० सेकंद कुणीही हलायचं नाही, बांगडीसुद्धा वाजता कामा नये. खोलीची ती नुसती शांतता एडिटिंगला संवाद जोडताना लागतेच.

प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकायची इच्छा असणाऱ्यांनी सरावानंतर जरूर थांबावं. बूम (लांब दांड्यावरचे माइक) दोनच आहेत, तेव्हा सरावासाठी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.