खिडकीतून वायर सोडू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आवाज चढवला, माझं चुकलंच. इलेक्ट्रिक गाडीला माझा विरोध नाही. टोकन भरलंस, तेही ठीक. पण तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून चार्ज करीन म्हणालीस, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

हिशेब मी मांडला. वाकडहून तुझं जाणं-येणं आणि इकडचं-तिकडचं मिळून महिन्याला 1,000 किलोमीटर. पेट्रोलची गाडी शहरात लिटरला 15 देते, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये. 24 युनिटची बॅटरी प्रत्यक्षात 190-200 किलोमीटर चालते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, युनिट 10 रुपये लावला तरी किलोमीटर दीड रुपयाच्या आत बसतं. गाडी 3 लाखांनी महाग पडली तरी साडेचार वर्षांत फिटते. हिशेबात तू पक्की. पहिलीत असताना मंडईतून आलं की सुटे पैसे तूच मोजायचीस, आणि अण्णा पदरचे चार आणे त्यात टाकायचे.

पण वायर. गिझर पंधरा मिनिटं चालतो; ही गाडी 13-14 अँपिअर सहा-सात तास सलग ओढते. एक्स्टेंशनची पिन जराशी सैल असली की तिथेच तापते, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडतं, मग वितळतं. गुंडाळून ठेवलेली वायर आणखी तापते. सोसायटीची एनओसी काढ. तुझ्या मीटरपासून पार्किंगपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद पाडणारा) आणि पक्कं अर्थिंग. अर्थिंग नसलं की चार्जर एरर दाखवतो, मग वायरमन न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो. ते अजिबात करू देऊ नकोस.

झालं माझं पुन्हा सुरू. रागावू नकोस.

कराडला आत्याकडे जाताना साताऱ्यात चार्ज कर. 90च्या वेगाने रेंज बरीच घटते, त्यात खंबाटकीचा चढ. फुल्ल बॅटरीवर उतार लागला तर रीजनही, म्हणजे वेग कमी करताना मोटरच बॅटरी भरते ते, नीट मिळत नाही, ब्रेकवर लक्ष ठेव.

आईची शुगर आता बरी आहे. गाडीचा रंग विचारत होती.

शनिवारी अर्थिंग तपासायला मल्टिमीटर घेऊन येतो. तोवर खिडकी बंद ठेव.

तुझे
बाबा