खासगी आतषबाजीचा विमा कोण उतरवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कवठे एकंदच्या दसऱ्यातील आतषबाजीचा आम्हा तासगावकरांना अभिमान आहे. परंतु हल्ली लग्नाच्या वरातीत आणि वाढदिवसालाही हौशी मंडळी खासगी आतषबाजी करू लागली असून, तिच्या विम्याचा विचार सहसा कोणी करत नाही. आमच्या शेजारी वरातीतल्या औटाची (शोभेच्या दारूच्या फटाक्याची) ठिणगी उसाच्या वाळल्या पाल्यावर पडली, सरीच्या सरी काळी पडली आणि भरपाईचा विषय निघताच यजमानांनी मंडपवाल्याकडे बोट दाखवले.

वैयक्तिक अपघात विमा विमाधारकापुरताच असतो. शेजाऱ्याच्या पिकासाठी किंवा जखमी पाहुण्यासाठी त्रयस्थ पक्षाच्या दायित्वाचा विमा लागतो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा ठरावीक प्रमाणाहून अधिक घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, घरगुती हौसेसाठी नव्हे. विमा कंपनीकडे गेल्यास परवाना, जागेचा नकाशा, प्रेक्षकांपासूनचे अंतर आणि दारूकाम करणाऱ्याचा अनुभव विचारला जाणे स्वाभाविक आहे, आणि हौशी माणूस नेमका तिथेच अडतो. हप्ता परवडत नाही ही सबब मला तरी पटत नाही, कारण डीजेला पैसे मोजताना कोणी घासाघीस करत नाही.

जिल्हा प्रशासनाने अशा कार्यक्रमांना परवानगी देताना दायित्व विम्याची प्रत मागावी, ही विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक, तासगाव (जि. सांगली)