दिग्या, सोन्याचा बॉल शेवटी आपल्याच टेबलावर आला

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

सात महिने झाले, तुला फोन नाही की पत्र नाही. मधे तुझे दोन फोन मी नाव बघून वाजू दिले, हे आधीच कबूल करून टाकतो. घरी सगळे बरे. माझी शुगर जिथं होती तिथंच. लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला, आणि तो दुसऱ्या कुणाला सांगितला तर म्हणतील, खुळ्या, एवढ्यासाठी झोप उडाली तुझी?

आपल्या स्नूकरच्या हॉलवर टूर्नामेंट झाली. पैसा एका शेठचा. नाव लिहीत नाही. तू ओळखशीलच आणि मग अर्धा तास त्याच्या बापावर बोलशील. त्याने रियाधची 2024 ची ती स्पर्धा मोबाईलवर बघितलेली. सोनेरी बॉल, वीस पॉइंटचा, पण आधी 147 पुरे करायचे, म्हणजे एका दमात जास्तीत जास्त निघतात तेवढे, मगच त्याला हात लावायचा. जमलं तर 167 आणि पाच लाख डॉलर. जमलं कुणालाच नाही. इंग्लंडचा रॉनी ओ'सलिव्हन जिंकला तो नेहमीच्याच बॉलांवर. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, हे शोकेसमधलं मंगळसूत्र आहे, कुणाच्या गळ्यात पडायचं नाही. तू म्हणालास, "न पडेना, दुकानात गर्दी तर होते?"

शेठला तोच बॉल हवा होता. पण आपल्याकडे 147 कोण मारणार? माझा सगळ्यात मोठा ब्रेक, एका दमातले पॉइंट, 41 (तू 37 सांगत फिरतोस). म्हणून नियम सैल केला. पंधराऐवजी सहा लाल बॉल, दहा मिनिटांची फ्रेम म्हणजे डाव, पंधरा सेकंदांत शॉट, आणि शेवटचा काळा बॉल पॉकेटात गेला की सोनेरी दोघांनाही खुला. वीस पॉइंट, वर पाच हजार रोख. हा कागद कुणी लिहून दिला? मी. 2010 ला पॉवर स्नूकर या झटपट प्रकारावरून तुझ्याशी पंधरा दिवस अबोला धरणारा मीच तो.

कशासाठी, तर कापडासाठी. दोन नंबरच्या टेबलाचं कापड तुला आठवतं ना? बॉकलाइनजवळ, टेबलाच्या एका टोकाकडच्या आडव्या रेघेजवळ, टेप लावलेलं. जुलैत पाऊस धरला की हॉल सांभाळणारा चाचा सकाळी इस्त्री घेऊन बसायचा आणि तरी संध्याकाळपर्यंत पांढरा बॉल चिखलातून चालल्यासारखा चालायचा. हळू मारलेला प्रत्येक बॉल डाव्या मधल्या पॉकेटकडे वळायचा. टेबल त्या अंगाच्या व्हॅक्सीन डेपोकडे झुकलंय, हे चाचाचं ठरलेलं वाक्य. शेठने तिन्ही टेबलांचं कापड बदललं, कडांची रबरी कुशनं बदलली, दिवे बदलले. आपण दोघांनी वर्गणी काढून वीस वर्षांत काय बदललं? क्यू टेकवायचे दोन रेस्ट आणि एक ट्यूबलाइट.

तर फायनल. एका बाजूला खानापूरकडचा एक पोरगा, सकाळच्या बसने येतो, डबा बाकाखाली ठेवतो आणि चाचाची फरशी पुसून तासभर फुकट खेळतो. समोर कॉलेजचा एक दणकेबाज. शेठने डीजे आणलेला. पोराने पंधरा सेकंदांच्या आत पांढरा बॉल ब्राऊन बॉलच्या मागे असा नेऊन ठेवला की मधून पोस्टकार्ड गेलं नसतं. तसा स्नूकर, म्हणजे समोरच्याला सरळ मारताच येऊ नये अशी अडवणूक, मी त्या टेबलावर बघितलेला नाही. आणि लोक ओरडायला लागले, "टाक की मर्दा, काय झोपवूलास!" फक्त चाचाने क्यूचा दांडा दोनदा फरशीवर आपटला.

काळा गेला तेव्हा पोरगा सतरानं पुढं. सोनेरी उरला. पोराने सेफ्टी खेळली, म्हणजे समोरच्याला सोपा मिळू नये म्हणून तो कुशनला लावून ठेवला. दुसऱ्याने डोळे मिटून हाणला म्हण, तीन कुशनं घेऊन गेला आत. कुठं? डाव्या मधल्यात. नवं कापड, तरी व्हॅक्सीन डेपो! हस तू. रेफरी मीच, त्यामुळे मला पांढरे हातमोजे घालून "वीस" म्हणावं लागलं. पोरगा तीन पॉइंटनं हरला. त्याने हात मिळवला आणि विचारलं, "सर, मी सेफ्टी खेळायला नको होती काय?"

मी म्हणालो, "छान खेळलास." आणि जिंकलेल्याचा फुलांचा हार आणायला गेलो.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. स्नूकर तरी कुठं आभाळातून पडला, 1875 ला जबलपूरच्या मेसमध्ये कंटाळलेल्या साहेबांनी जादा रंगीत बॉल टाकून केलेली ती नवलाईच. आणि पैशाचं मी बोलू नये, कारण 1976 पासून 2005 पर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिप सिगारेटवाल्यांच्या पैशावर झाली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीवर वाढलेल्या माणसाने ही आठवण करून द्यावी हे शोभतंच. बरं, कबूल. पहिलवानाच्या खुराकालाही कुठला ना कुठला संस्थानिक लागायचाच. पण आपल्या आखाड्यात पैसे देणारा इनाम लावायचा रे, चितपट म्हणजे काय ते तो ठरवत नव्हता.

शूट आउट या एकेका फ्रेमच्या झटपट स्पर्धेचं बघ. तीच दहा मिनिटं, शॉटला आधी पंधरा सेकंद, मग दहा. जत्रा म्हणून मजाच येते, मी पण बघतो. पण 2017 ला ती खेळाडूंच्या जागतिक रँकिंगला धरायला लागले, तिथं माझं डोकं फिरलं. 1985 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलची शेवटची फ्रेम 68 मिनिटं चालली, मध्यरात्र उलटून गेली, डेनिस टेलर शेवटच्या काळ्यावर स्टीव्ह डेव्हिसला हरवून गेला, आणि ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसं जागी होती. त्यांना कुणी डीजे लावला होता? वेगाला माझी ना नाही. ओ'सलिव्हनने 1997 ला साडेपाच मिनिटांच्या आत 147 मारले, समोर घड्याळ न लावता.

आता खरी गोम. शेठला पुढच्या जानेवारीत परत करायची आहे. आणखी दोन टेबलं देतो म्हणतो, आणि सोनेरी पहिल्या शॉटपासून खुला. मी म्हटलं, फायनल तरी पंधरा लालची, बिनघड्याळाची ठेवा. तो हसला, "सर, तेवढा वेळ लोक बसतील काय?" उत्तर द्यायला बुधवारपर्यंत मुदत आहे. नाही म्हटलं तर पोरांची दोन टेबलं जातात. हो म्हटलं तर तो खानापूरचा पोरगा, जो गेले चार दिवस येऊन नुसते दणके मारतोय, एकही सेफ्टी नाही, त्याला मी काय शिकवू? चाचा माझ्याशी बोलत नाही. इस्त्री मात्र नव्या कापडावर रोज फिरवतो.

बुधवारच्या आत फोन कर. मी उचलतो, शपथ.

आईंचा गुडघा कसा आहे? चिरंजीव बारावीत ना यंदा? पुण्यातला फ्लॅट ताब्यात आला की नाही ते कळव. वहिनींना नमस्कार. कुंदा पाठवला असता, पण तू डॉक्टरच्या नावाने रडशील आणि रात्री उठून खाशील.

आणि आपण भांडलो तो ढोपराचा फाऊल झालाच नव्हता. शर्टाची बाही लागली होती, ती पण तुझी.

नव्या कापडावर पहिल्याच दिवशी शेठच्या माणसाने चहा सांडला. दोन नंबरवर, निळ्या बॉलच्या जागेपासून वीतभर. दिवाळीला येशील तेव्हा दाखवतो.

तुझा,
बाळ्या