वाचनालयाचं ‘कोहा’ सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. आसपासच्या वाचनालयांचे कार्यवाह हल्ली विचारतात, तुमचा संगणक चालतो तरी कसा?

संगणक तुमच्या आधीही होता. पुस्तकांची यादीही होती, पण जुन्या फाँटमध्ये टंकलेली. पडद्यावर ‘कविता’ दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरांची भेळ. दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली की तीच बाहेर यायची. शोधून काही सापडत नसे, आणि ज्यांच्याकडून यादी करून घेतली त्यांनी फोन उचलणं सोडलेलं. आम्ही नवं सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघालो होतो. तुम्ही अडवलंत: आधी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत, आणा.

ते काम किती किचकट! जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. जुनं युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक प्रोग्राम बहुतेक शब्द नीट करतो, पण दोन्ही एकत्र आले की गडबडतो, म्हणजे ‘वार्षिक’ नि ‘आर्थिक’ हमखास बिघडलेले. ‘दऱ्या’तला र वेगळाच छळायचा. असे शब्द तुम्ही बाजूला काढलेत आणि आमच्या ग्रंथपाल काकूंना शेजारी बसवून त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेतलेत. तेव्हा त्या तुमच्यावर जाम वैतागल्या होत्या. आता सांगायला हरकत नाही.

मग ‘कोहा’ आलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाने २००० साल लागताच संगणक तारखांत चुकतील, या ‘वाय-टू-के’च्या धास्तीने ते बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये वापरात आणलं आणि सगळ्यांना खुलं केलं. नव्या पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्यावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की माहिती बरेचदा आयती मिळते. पण आमचा मोठा संग्रह १९७० च्या आधीचा, त्याला कुठला आयएसबीएन! ती पुस्तकं हातानेच भरली. दाखलनोंद वही बंद करू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. तपासणीला येणारे साहेब अजून तीच मागतात.

पण खरे आभार निराळ्याच गोष्टीचे. जाताना सगळे पासवर्ड लखोट्यात घालून अध्यक्षांकडे दिलेत. बॅकअप घ्यायचा कसा, एवढंच शिकवून थांबला नाहीत. तो परत चढवायचा कसा, हेही काकूंकडून करून घेतलंत. चढवून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही, हा तुमचा हट्ट. गेल्या पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने हार्डडिस्क गेली. काकूंनी पेनड्राइव्हवरून सगळं पुन्हा उभं केलं, देवघेव सुरू केली, आणि तुम्हाला फोनसुद्धा केला नाही. तुम्हाला हे आत्ताच कळत असेल.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. आजीव सभासदत्व मात्र कार्यकारिणीने मंजूर केलंय, अनामत माफ. कार्ड बारकोडसह तयार आहे. दिवाळी अंक आले की या, पण जरा लवकर; पहिल्याच आठवड्यात चांगले अंक उचलले जातात, आणि राखून ठेवायला काकू तयार नाहीत.

आपला,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय