इंग्रजी विशेषणे मराठीच्या आधाराने शिकवावीत

सन्माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहावीपर्यंत पोहोचलेले अनेक विद्यार्थी इंग्रजी विशेषणांपाशी अडखळतात. माझ्या मते याचे मुख्य कारण असे, की आपल्याकडे विशेषणांचा अभ्यास म्हणजे ‘चेंज द डिग्री’, म्हणजे तुलनेचे रूप बदलून तेच वाक्य पुन्हा लिहिणे, एवढाच उरला आहे. ‘नो अदर’ने सुरू होणारी वाक्ये घोकून गुण मिळतात, पण तोच विद्यार्थी रंकाळ्यावर भेटलेल्या परप्रांतीय पाहुण्याला ‘आय ॲम बोअरिंग’ असे बिनदिक्कत सांगून मोकळा होतो.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीत आपण ‘मला कंटाळा आला’ म्हणतो; तेथे विशेषण नसतेच, नाम असते. त्यामुळे इंग्रजीत विशेषण निवडण्याची वेळ आली की ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांपैकी जे आधी आठवेल ते तोंडातून बाहेर पडते. वास्तविक हा भेद मराठीतही आहे: व्याख्यान कंटाळवाणे असते आणि श्रोता कंटाळलेला. एवढे एकदा फळ्यावर मांडले, की ‘टायर्ड’ व ‘टायरिंग’, ‘इंटरेस्टेड’ व ‘इंटरेस्टिंग’ या जोड्या निराळ्या पाठ करवून घ्याव्या लागत नाहीत.

‘टॉलर’ऐवजी ‘मोर टॉलर’ म्हणण्याच्या चुकीचेही तसेच आहे. मराठीत तुलना करताना ‘उंच’ हा शब्द बदलत नाही, सारे काम ‘पेक्षा’ आणि ‘अधिक’ करतात. साहजिकच मूल ‘अधिक’साठी ‘मोर’ घालते आणि शिकवलेले ‘टॉलर’ही सोडत नाही. उलट मोठा वाडा, मोठी विहीर, मोठे तळे या तिन्हींना इंग्रजीत एकच ‘बिग’ पुरतो, ही सवलत मात्र मुलांना कोणी आवर्जून सांगत नाही.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांकडे तर जवळजवळ दुर्लक्षच होते. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसे कोणी आले नाही. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही जण तरी आले. एका अक्षराने वाक्याचा रोख फिरतो.

एकाहून अधिक विशेषणे आली, की इंग्रजीत आधी वक्त्याचे मत, मग आकारमान, वय, रंग, मूळ स्थान आणि शेवटी वस्तू कशाची बनली आहे ते, असा क्रम साधारणपणे पाळला जातो. म्हणून ‘नाइस ओल्ड ब्राउन कोल्हापुरी लेदर चप्पल्स’ कानाला बरे वाटते आणि ‘लेदर ब्राउन नाइस’ खटकते. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांनाही हा नियम सहसा सांगता येत नाही, ते तो कानाने पाळतात. तेव्हा त्याचा तक्ता पाठ करवण्यापेक्षा वर्गात मोठ्याने वाचन करवून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मराठीच्या तासाला गुणविशेषण, संख्याविशेषण आणि सार्वनामिक विशेषण शिकवले जात असताना त्याच आठवड्यात इंग्रजीच्या शिक्षकांनीही विशेषणांचा पाठ घ्यावा, आणि शक्य तेथे दोघांनी मिळून एखादा तास घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही की शासनाचा आदेशही लागत नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात थोडा बदल केला तरी पुरेसे आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर